बेअरिंगच्या आधी काय जातं

आज दुपारी चारच्या सुमाराला खिडकीतला उजेड एकाएकी पिवळा पडला आणि मी हातातलं काम टाकून दारं-खिडक्या लावत सुटले. दिल्लीकडे इतकी वर्षं काढली की हात हे आपोआप करतात. आधी वारा पडतो, झाडं गप्प होतात, घारी खाली उतरतात, आणि मग पश्चिमेकडून धुळीचा लोट उठतो. आंधी. नोएडातल्या आमच्या अकराव्या मजल्यावर ती जरा उशिरा पोचेल असं घर घेताना वाटलं होतं. प्रत्यक्षात आधी आम्हालाच गाठते. मुलगी आतून म्हणाली, "मम्मा, बाल्कनीचं दार बघ यार, माझे कपडे आहेत बाहेर." कपडे आणले, दार लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं. तरी रात्रीच्या जेवणात दातांखाली कचकच लागायची ती लागणारच.

ही कचकच लागली की मला फरीदाबादचा एक उन्हाळा आठवतो. दरवर्षी आठवतो. आता सवय झाली असं मी लोकांना सांगते, पण झालेली नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं लहानपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. देश खुला झाला असं सगळे म्हणत होते. गुडगावला शेतातून काचेच्या इमारती वर येत होत्या, नोएडात सेक्टरांचे नंबर रस्त्यांच्या आधी लागत होते, आणि माझ्यासारख्या पोरींना बाबांच्या शेवटच्या हुद्द्यापेक्षा मोठ्या नावाचा हुद्दा पहिल्याच दिवशी मिळत होता. माझं काम आईला कधी नीट समजलं नाही. "ती कॉम्प्युटरात कपाटं लावते," असं ती शेजारच्या बाईंना सांगायची. माझ्या साहेबांनाही इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

आमच्या धंद्यात त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. एखाद्या कामाच्या जगात कोणकोणत्या वस्तू आहेत, कोण कोणाच्या जातीचं, कोण कोणाचा भाग, कशामुळे काय बिघडतं, हे सगळं यंत्राला कळेल इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवायचं. मग प्रश्न विचारला की यंत्र त्यातून उत्तर शोधून देतं. एरवी हे काम विद्यापीठातली मंडळी करायची, वर्षानुवर्षं वाद घालत. आमचे भाटियासाहेब म्हणायचे की हेही सॉफ्टवेअरसारखंच शिस्तीत बांधता येतं. आधी गरज लिहून काढा. मग परीक्षेचे प्रश्न लिहा, बांधायच्या आधीच. एक गोष्ट एकाच जागी सांगा. जे एकत्र बदलतं ते एकत्र ठेवा. परीक्षा पास झाली की हात झटकून मोकळे व्हा. मला हे सगळं मनापासून पटलेलं होतं आणि त्यावरचं जाडजूड पुस्तक मी चार्टर्ड बसमध्ये पेन्सिलने खुणा करत वाचत असे.

गिऱ्हाईक होता फरीदाबादचा एक पंपांचा कारखाना. त्यांच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये एक काळा टेलिफोन होता आणि त्या टेलिफोनपाशी बावीस वर्षं मोकाशी नावाचे स्टोअरकीपर बसले होते. कर्नालहून, मुरादाबादहून, कुठून कुठून मिस्त्री लोकांचे फोन यायचे. "मोकाशी जी, पानी मार रहा है." मोकाशी दोन प्रश्न विचारायचे, आवाज कसा येतोय आणि पाणी कुठून येतंय, आणि कोणता भाग पाठवायचा ते सांगायचे. आता कारखान्यात परदेशी भागीदार येऊ घातला होता, आणि हे फोन गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये न्यायचं ठरलं होतं. तिथल्या मुलामुलींना पंपातलं काही कळायची गरज नव्हती, पडद्यावर येईल ते वाचायचं होतं. पडद्यावर काय यायचं ते मोकाशींच्या डोक्यात होतं, आणि ते काढून आणायला मला पाठवलं. भाटियासाहेब म्हणाले, "तुम भी महाराष्ट्र की हो ना? मराठी में बात करो, सब निकल आएगा."

आणि खरंच सगळं निघालं.

मोकाशीकाका मूळचे सांगलीकडचे. डिप्लोमा करून तरुणपणीच इकडे आले, लग्नापुरते गावी जाऊन आले, आणि काकूंनी त्या कारखान्याच्या कॉलनीत कढीपत्ता जगवून दाखवला याचा त्यांना फार अभिमान. दारात मला बघून त्यांनी हिंदीत "बैठिए" म्हटलं. मी माझं आडनाव सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे जेवायची सोय झाली. डबा नको आणत जाऊस, काकू पोळी-भाजी पाठवेल." एवढ्यावर ओळख झाली. घराबाहेर कुणाशी मराठी बोलायला मिळणं ही त्या दिवसांत मोठी गोष्ट होती, आणि ते भाटियासाहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत मी रोज तिथे गेले. सकाळी बस यमुनेवरून जायची तेव्हा नदीचं पाणी इतकं कमी असायचं की तिच्याकडे बघायला संकोच वाटे. कारखान्याच्या फाटकापाशी बहाव्याचं एक झाड होतं. मेमध्ये ते असं फुललं की उन्हाचाही राग येईना. गाडीवर काळपट जांभळे फालसे यायचे, मीठ लावून, कागदाच्या पुडीत. स्टोअरच्या खिडकीत कूलर होता आणि त्याला खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या. पाणी मारलं की ओल्या मातीसारखा वास सुटायचा आणि त्यात ग्रीस, तेलकट कागद आणि गंज यांचे वास मिसळायचे. परवा मी मुलीला म्हटलं, ग्रिलला गंज चढलाय. तिने विचारलं, गंज म्हणजे? मी सांगितलं, जंग. दिल्लीत वाढलेल्या पोरांचं असंच होतं, तिचा दोष नाही.

पहिल्याच आठवड्यात मला एक धक्का बसला. मी समजत होते की स्टोअरमध्ये बोल्टांपाशी बोल्ट असतील, बेअरिंगांपाशी बेअरिंग. तसं नव्हतं. एका खणात बेअरिंग, त्याच्या शेजारी ग्लँडमध्ये, म्हणजे पाणी अडवायच्या फटीत, भरायची ग्रॅफाइटची दोरी, तिच्या शेजारी शाफ्टवर चढवायची धातूची बाही, खाली दोन वॉशर. "ही कसली मांडणी, काका?" मी विचारलं. ते म्हणाले, "जे एकत्र जातं ते एकत्र ठेवायचं. मिस्त्री फोनवर एकच वस्तू मागतो. पण मला माहीत असतं, बेअरिंग गेलं म्हणजे त्याआधी दोरी गेलेली आहे. तिथून पाणी शिरलं म्हणून ते गेलं. नुसतं बेअरिंग पाठवलं तर आठ दिवसांनी परत फोन."

माझ्या जाड पुस्तकात ज्या तत्त्वावर एक अख्खं प्रकरण होतं, ते तत्त्व या माणसाने बावीस वर्षांपूर्वी लोखंडी रॅकवर मांडून ठेवलं होतं, कुणाला न विचारता. मी इतकी खूश झाले की संध्याकाळी घरी येऊन बाबांना ते दोनदा सांगितलं. आमच्या ऑन्टॉलॉजीत मी एक नवं नातं घातलं: 'याच्या आधी हे जातं'. अमुक हा तमुकचा भाग, अमुक हा तमुकचा प्रकार, ही नाती कुणीही लिहिली असती. हे नातं मोकाशीकाकांचं होतं. आम्ही दोघांनी मिळून तशी शेकडो जोड्यांची यादी केली. ते बोलायचे, मी लिहायचे, मधेच फोन वाजला की ते थांबायचे, आणि फोन झाला की त्यातून आणखी एक जोडी निघायची.

गरजांचा कागद मी त्यांना पहिल्याच दिवशी दिला होता. तसं करावं असं पुस्तकात होतं, जाणकाराला सगळं दाखवावं. त्यात पहिली ओळ अशी होती की ही व्यवस्था कोणत्याही एका व्यक्तीवर अवलंबून नसावी. त्यांनी ती बोट ठेवून वाचली आणि विचारलं, "ही एक व्यक्ती म्हणजे मीच ना?" मी हसले. ओशाळून हसले, पण हसले हे खरं आहे. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "बरं. सुरू कर."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला हेच कधी पचत नाही. फसवून घेतलं असतं तर मी भाटियासाहेबांना शिव्या देऊन मोकळी झाले असते. काकांनी जाणूनबुजून सगळं दिलं, आणि दिलं तेही मन लावून. परीक्षेचे चाळीस प्रश्न त्यांनी स्वतः तयार केले, वहीच्या पानावर, समास आखून. सोपे प्रश्न घालता आले असते. त्यांनी असे घातले की मलाही घाम फुटावा. "परीक्षा घ्यायची तर नीट घ्यावी," ते म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर यातलं निम्मं दडवून ठेवलं असतं, आणि मला त्याची लाजही वाटली नसती.

जून अर्धा सरला तेव्हा बातमी पक्की झाली. परीक्षा पास झाली की महिनाअखेर स्टोअर बंद, काकांना स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा हा शब्द त्या वर्षांत फरीदाबादमध्ये घरोघरी पोचला होता आणि त्यात कुणाचीही इच्छा नसायची. काकू मला म्हणाल्या, "हे घरी बसले तर बोलणार कुणाशी गं? यांना फोनवरच बोलता येतं." त्या हसत म्हणाल्या.

मग मी एक गोष्ट केली. परीक्षेच्या दोन दिवस आधी मी एक नातं उलटं करून ठेवलं. दोरीच्या आधी बेअरिंग जातं, असं. एकतिसावा प्रश्न त्यावरच होता, तो चुकला असता. चाळीसपैकी चाळीस आल्याशिवाय गिऱ्हाईक काम ताब्यात घेणार नव्हतं. एक चुकला असता तर आणखी एक फेरी, आणखी चार-सहा महिने. तेवढ्या काळात काहीही होऊ शकलं असतं. मला शिस्त शिकवणाऱ्या सगळ्या पुस्तकांविरुद्ध हे होतं, आणि आयुष्यात त्या एका कामाचं मला आजही वाईट वाटत नाही.

आदल्या दिवशी दुपारी काका छापील कागदांची चळत घेऊन बसले. लांबलचक, कडेला भोकं असलेले ते कागद. बाहेर लूचा भाजणारा वारा वाहत होता, पत्रा तडतडत होता. लाल पेन्सिल एकेका ओळीवरून सरकत होती. त्यांनी ते सगळं परत तपासायची गरज नव्हती, आठवड्यापूर्वी तपासून झालं होतं. तरी ते तपासत होते. आणि पेन्सिल थांबली.

"हे उलटं पडलंय."

मी म्हटलं, "राहू द्या, काका."

त्यांनी वर बघितलं. मी सगळं सांगून टाकलं, भराभर, आवाज खाली करून. उद्या चुकलं तर अजून वेळ मिळेल, कुणाला कळणार नाही, माझ्या हातून राहिलं असं मी सांगेन. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तू का केलंस ते समजतंय मला," ते म्हणाले. "पण समज, उद्या नाही सापडलं. तसंच राहिलं. कुणीतरी मिस्त्री फोन करेल, त्याला ते सांगतील, नुसतं बेअरिंग बदल. आठ दिवसांनी परत तेच. मग तो म्हणेल, मोकाशीने यांना असंच शिकवलंय. बिल्कुल म्हणेल."

"काका..."

"नीट कर ते. आत्ता, माझ्यासमोर."

मी केलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. एक ओळ बदलायला कितीसा वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी चाळीसपैकी चाळीस आले. भाटियासाहेबांनी बर्फीचा डबा आणला होता, तो उघडला, काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "मोकाशी जी, कमाल कर दिया आपने." तेवढ्यात काळा फोन वाजला. काकांचा हात सवयीने पुढे गेला, एका हातात बर्फी तशीच. साहेब म्हणाले, "रहने दीजिए. मशीन से पूछते हैं." मी फोन घेतला. पलीकडे मथुरेचा एक मिस्त्री होता, त्याने आधी मोकाशी जी आहेत का विचारलं. मी नाही म्हटलं. ते माझ्यापासून दोन हातांवर होते. मिस्त्रीने लक्षणं सांगितली, मी ती यंत्रात भरली, उत्तर आलं, मी वाचून दाखवलं. उत्तर बरोबर होतं. मी काकांकडे बघितलं नाही. संध्याकाळी आंधी आली आणि परतीची बस बदरपूरजवळ तासभर दिवे लावून उभी राहिली.

पुढचं सांगायला फारसं नाही, आणि जे आहे ते हास्यास्पद आहे. परदेशी भागीदार आला. त्यांनी सोबत स्वतःची यादी आणली, स्वतःचे क्रमांक आणले, आणि धोरण आणलं की यापुढे दुरुस्ती करायचीच नाही, बिघडला तर अख्खा पंप बदलायचा. म्हणजे कशाच्या आधी काय जातं हे कुणाला माहीत असायची गरजच उरली नाही. गुडगावच्या त्या कॉल सेंटरमध्ये आमचं काम एक दिवससुद्धा चाललं नाही. ते कुठल्याशा टेपवर गेलं आणि टेप कुणाच्याशा कपाटात. भाटियासाहेबांनी त्यावर एक निबंध लिहून परिषदेत वाचला. त्यात माझं नाव होतं. काकांच्या नावाच्या जागी 'विषयाचे जाणकार' असं होतं.

मी त्यानंतर हेच काम आणखी दहा ठिकाणी केलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक माणूस असतो, त्याच्याकडे चहा मिळतो, तो सांगतो, आपण लिहून घेतो. आता तर म्हणे तेही नको. यंत्रं सगळं आपली आपण वाचून घेतात. फरीदाबादला मेट्रो जाते. एकदा कामासाठी तिने जाताना मी कारखान्याची जागा शोधत होते, पण वरून सगळे टॉवर सारखेच दिसतात आणि बहावा तर कुठेच दिसला नाही.

त्या उन्हाळ्याच्या पुढच्याच वर्षी, मेमध्ये, अशाच एका मातकट दुपारी, ऑफिसच्या फोनवर काकांचा आवाज आला. आधी काकूंचं सांगितलं, मग माझ्या आईबाबांचं विचारलं. मग म्हणाले, "वृंदा, मी दुपारी झोपत नाही, म्हटलं तुला फोन करावा. काय म्हणतंय आपलं काम? चाललंय ना?"

कारखान्यातल्या कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं, आणि कॉलनीतलं घर सोडल्यापासून ते तिकडे फिरकलेही नव्हते. खरं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मला त्यांची ती लाल पेन्सिल आठवली, 'मोकाशीने असंच शिकवलंय' हे आठवलं, आणि मला वाटलं, या माणसाला काय ऐकायचं असेल ते मला माहीत आहे.

"छान चाललंय, काका," मी म्हटलं. "रोज पाच-पन्नास फोन येतात."

"अच्छा. आणि अडत नाही कुठे?"

"नाही. एकदाही नाही."

पलीकडे त्यांच्या कूलरची घरघर ऐकू येत होती.

"एकदासुद्धा नाही?"

"नाही ना. सगळं बरोबर येतं. तुम्ही शिकवलंय."

तेव्हा कुठे मला कळलं की मी चुकीचं खोटं बोलले. एका ठिकाणी अडलंय, काका, तुम्हालाच विचारणार होते, एवढं म्हटलं असतं तर ते चप्पल घालून निघाले असते. पण मी दोनदा नाही म्हणून बसले होते, आणि तिसऱ्यांदा ते विचारणाऱ्यातले नव्हते.

"मग ठीक," ते म्हणाले. "तरी पण, पुढेमागे अडलं तर माझा घरचा नंबर लिहून घे."

नंबर माझ्याकडे होता. तरी मी कागद ओढला. त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, मी लिहिला. मग म्हणाले, वाचून दाखव. मी वाचून दाखवला.

"बरोबर," ते म्हणाले.